शाळेसाठी तीन लाख जमलेत: गेट-टीव्ही करायचा का शिकवायला माणूस ठेवायचा?

बोरीकाठ:
मंडळी नमस्कार. दोन वर्षं नुसता वाचतोय इथं, धागा पहिल्यांदा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या. गाव पारोळा तालुक्यातलं, नाव लिहीत नाही कारण निम्मं गाव इथं वाचत असतं. झेडपीची शाळा, पहिली ते पाचवी, पट ६८. मंजूर शिक्षक तीन, हजर दोन, तिसरी जागा दीड वर्षापासून रिकामी. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे, म्हणजे झालो, मीटिंगला उशिरा पोचलो तोवर यांनी माझं नाव लिहून टाकलेलं.

तर दिवाळीला सुरत-उधन्याची, नाशिक-पुण्याची पोरं गावात आली, मारुतीच्या पारावर बसल्या बसल्या कोणीतरी विषय काढला की शाळेसाठी काहीतरी करू आणि खरंच केलं राव, महिनाभरात तीन लाख दहा हजार जमले. आता सगळ्यांचं म्हणणं असं की मोठं प्रवेशद्वार करायचं, त्यावर देणाऱ्यांची नावं, आत एक मोठा स्मार्ट टीव्ही अभ्यासक्रमासकट, आणि भिंती रंगवायच्या. एक एजंट पण येऊन गेला, टीव्ही चालू करून दाखवला, सूर्यमाला फिरताना बघून सरपंच खूश.

माझं डोकं फिरलंय ते वेगळ्या कारणाने. मागच्या आठवड्यात मॅडम रजेवर होत्या, गुरुजी म्हणे भाऊ तासभर तिसरी-चौथीत बसा, दंगा करतात. बसलो. बसल्या बसल्या फळ्यावर वजाबाकी लिहिली, ५२ वजा २७. चौथीतलं एक पोरगं, आमच्याच गल्लीतलं, उठून गेलं आणि ३५ लिहून आलं. मी म्हटलं परत कर, परत ३५. मग मला आठवलं की याची आई आमच्याकडेच कापूस वेचायला येते आणि संध्याकाळी काट्यावर हेच पोरगं उभं असतं. म्हटलं, तुझ्या आईचं दोन दिवसाचं मिळून ५२ किलो भरलं, काल २७ होतं, तर आज किती? एका सेकंदात म्हणाला २५. बोटं पण मोजली नाहीत. मी फळ्याकडे बोट केलं, मग हे काय? तर म्हणतो, "ते शाळेचं आहे ना काका."

तेव्हापासून मला ते गेट काही पचेना. तीन लाखात शिकवायला एखादा माणूस नाही का ठेवता येणार? का मी उगाच फाटे फोडतोय? जाणकारांनी सांगा.

रावेरचा_घड:
भाऊ टीव्ही लिसन काय करशात? आमना गावले बी हाऊच खेळ व्हयना व्हता.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे केळीला भाव चांगला होता, लोकांच्या खिशात पैसा, दणक्यात वर्गणी झाली आणि डिजिटल शाळा झाली. उद्घाटनाला आमदार. पहिलं वर्ष पोरं कविता बघत नाचली. दुसऱ्या वर्षी लाईट बिल थकलं, मीटर काढून नेलं. मग इन्व्हर्टरसाठी पुन्हा वर्गणी. तिसऱ्या वर्षी बॅटरी गेली. आज त्या टीव्हीवर क्रोशाचा रुमाल आहे आणि रुमालावर सरस्वतीचा फोटो. हळदीकुंकवाला बरा दिसतो.

पुणे_मुक्काम_चाळीसगाव:
मी थोडं वेगळं मत मांडतो, कोणाला राग आला तरी चालेल. आम्ही बाहेर राहणारे लोक पैसे देतो तेव्हा आम्हाला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं असतं यात चूक काय? उद्या तुम्ही म्हणणार माणसाच्या पगाराला दिले, तो माणूस कोण, कोणाचा भाचा, काय शिकवलं, कोण बघणार? टीव्ही निदान जागेवर तरी राहतो.

आणि मूळ मुद्दा, आम्ही द्यायचेच का? मी इन्कम टॅक्स भरतो, त्यावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण सेस भरतो, घरपट्टीत शिक्षण कर वेगळा. म्हणजे एकाच शाळेला तीन वेळा पैसे. सरकारने तिसरा मास्तर द्यायचा नाही आणि आम्ही उधन्याच्या लूमवर रात्रपाळी करणाऱ्या पोरांकडून ५००-५०० गोळा करायचे.

लेखाशीर्ष:
रिटायर्ड माणूस आहे, आयुष्य झेडपीच्या हिशोबात गेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

पुणेकर साहेब, सेसचं बरोबर आहे पण तो कुठं जातो ते बघा. २ टक्क्याने २००४ ला सुरू झाला, पुढे ३ झाला, २०१८ पासून आरोग्य मिळून ४. तो जातो दिल्लीला. सेसची गंमत अशी की बाकीच्या केंद्रीय करातून राज्याला ठरलेला वाटा मिळतो, सेस त्या वाट्यात धरतच नाहीत. तो परत येतो योजनेच्या रूपाने, म्हणजे समग्र शिक्षा, त्यात केंद्र ६० आणि राज्य ४०. घरपट्टीतला शिक्षण कर हा राज्याचा, १९६२ च्या कायद्याचा, शहरातल्या बिलावर रोजगार हमी कराच्या शेजारी बसलेला असतो. तेव्हा तुम्ही भरता ते खोटं नाही, पण त्यातला कुठला रुपया पारोळा तालुक्यातल्या शाळेत पोचला हे ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही.

आता शाळेच्या हातात काय येतं ते. मास्तरांचा पगार राज्य देतं आणि सगळ्यात मोठा खर्च तोच. खडू, फळा, दुरुस्ती, लाईट बिल, झाडू यासाठी संयुक्त शाळा अनुदान, ते पटावर. ३१ ते १०० पट असेल तर वर्षाला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार. बोरीकाठ तुमचा पट ६८, म्हणजे २५ हजार आणि त्यातले दहा टक्के स्वच्छतेला. महिन्याचे दोन हजार धरा. ते पण बऱ्याचदा वर्षाच्या शेवटी येतात आणि मग मार्चमध्ये पंधरा दिवसात खर्च करून पावत्या जोडा. मी असे कागद पोत्याने पाहिलेत. सप्टेंबरमध्ये पंखा जळाला की हेडमास्तर स्वतःच्या खिशातून नीट करतो आणि मार्चमध्ये पावती शोधतो. टीव्हीचं बिल यातूनच भरायचं आहे हे एजंट सांगत नाही.

६ टक्क्याची गोष्ट पण ऐकून ठेवा. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सांगितलं राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर करा. २०२० च्या धोरणात पुन्हा तेच ६ टक्के. मधल्या काळात मी नोकरीला लागलो, रिटायर झालो, नातू शाळेत गेला. आकडा तिथंच.

बोरीकाठ, एक काम करा, संडास, पाणी, हात धुवायची जागा याला वर्गणीतला एक रुपया लावू नका. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो त्यातला ठरलेला वाटा बंधित, पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा. तो ग्रामसेवकाकडून ओरबाडून घ्या, आराखड्यात शाळेचं नाव घाला. आणि बघा, ६१ ते ९० पटाला तीन शिक्षक हा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, परिशिष्टातला नियम आहे, मेहरबानी नाही.

खडूधारी:
मी मास्तरच आहे, चोपड्याकडचा, नाव लिहिलं तर नोटीस येईल म्हणून असा आलोय.

आधी ५२ वजा २७ बद्दल. ते ३५ चुकून आलेलं नाही. पोरगं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढतं, ७ आणि २ मध्ये ५ राहिले, ५ आणि २ मध्ये ३ राहिले, झालं ३५. त्याच्या नियमाने ते बरोबर आहे. आम्ही काय करतो, "दोनातून सात जात नाहीत, शेजारच्याकडून एक उसना घे" असा मंत्र म्हणून घेतो. पोराला प्रश्न पडतो की एक घेतला तर बारा कसे झाले. तो विचारत नाही आणि आम्ही थांबत नाही, पाठ संपवायचा असतो.

याला टीव्ही नको, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या लागतात. एकसारख्या तोडायच्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधायचे. ५२ म्हणजे पाच गठ्ठे दोन सुट्या. आता म्हणायचं सात दे. पोरगं दोन देतं आणि गठ्ठ्याकडे बघतं. मग स्वतःच रबर काढतं! ते रबर त्याने स्वतः काढणं म्हणजेच उसना घेणं. सुट्या बारा झाल्या, सात दिल्या, पाच उरल्या, गठ्ठे चार त्यातले दोन दिले. एकदा हाताने झालं की मग वहीवर. खर्च शून्य. मी हे दोन तासात होतं असं म्हणत नाही, काही पोरांना दहा दिवस लागतात. आणि ते दहा दिवस कोणी द्यायचे हाच तर प्रश्न आहे.

तुमच्या पोराचं काट्यावरचं गणित पक्कं आणि फळ्यावरचं कच्चं, यावर मोठ्या लोकांनी पण अभ्यास केलाय. २०१९ चं नोबेल मिळालेले बॅनर्जी आणि डुफ्लो, त्यांच्या टीमचा २०२५ मध्ये अभ्यास आला, कोलकाता-दिल्लीच्या बाजारात भाजी विकणारी पोरं. सुट्ट्या पैशाचा हिशोब तोंडी बरोबर, तेच शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडलं की अडतात. आणि शाळेत जाणाऱ्यांचं उलटं, कागदावर येतं पण बाजारात अडखळतात. तुमच्या गल्लीतलं पोरगं कोलकात्याला गेलं नाही एवढंच.

आता भाषा. मॅडम बाहेरच्या जिल्ह्यातल्या असतील तर हे नक्की विचारा. आपल्या पोराला पुस्तकात "शाळा" दिसतं आणि ते वाचतं "शाया". "डोळा" ला "डोया". "बाळ" ला "बाय". मी नवीन होतो तेव्हा चूक म्हणून लाल फुली मारायचो. नंतर एका म्हातारीने झापलं मला, म्हणे गुरुजी त्यानं वाचलंच ना, त्याच्या घरी शाळेला शायाच म्हणतात. अहो खरंच, पोराने अक्षर ओळखलं, जोडलं, अर्थ लावला आणि घरच्या उच्चारात म्हटलं, यापेक्षा चांगलं वाचन कुठलं? त्यावर फुली मारली की ते पोरगं महिनाभर तोंड उघडत नाही. आता मी आधी बरोबरची खूण करतो, मग म्हणतो पुस्तकवाले याला शाळा म्हणतात, तू पण म्हणून बघ. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, त्यांची गाणी आज पोरं पुस्तकात वाचतात, आणि त्याच बोलीत वाचणाऱ्या पोराला आम्ही फुली मारायची.

तापीबाई:
खडूधारी सर, शाया वाचून डोळ्यात पाणी आलं. मला पण फुल्या मिळाल्यात.

रावेरचा_घड:
डोयात पानी म्हणा ताई.

खडूधारी:
हाहा. तर पुढे, वेळ का नाही ते पण ऐका. सकाळी आलो की हजेरी ऑनलाइन, खिचडीच्या तांदळाचं वजन, किती पोरं जेवली ते ऑनलाइन. मग यूडायसची (शाळांची सरकारी ऑनलाइन नोंद) माहिती, आधार जुळत नाही, बापाच्या नावात काना कमी. मधेच बीएलओ, घरोघर मतदार यादी. आरटीईचं कलम २७ काय सांगतं, जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम द्यायचं नाही. पण त्या "सोडून" मध्येच वर्ष जातं हो. दोन शिक्षकी शाळेत एक बाहेर असला की पाच वर्ग एका माणसापुढे, मग तो शिकवत नाही, राखण करतो.

माझं तुम्हाला सांगणं, माणूस ठेवा, पण तो काय करणार ते आधी ठरवा. नाहीतर तो पण पुस्तकातले पाठच वाचून दाखवेल. तिसरी-चौथी-पाचवीची पोरं रोज दीड तास एकत्र करायची आणि इयत्तेने नाही, वाचता काय येतं त्यावर बसवायची. प्रथम संस्थेवाल्यांनी हे वर्षानुवर्षं केलंय, त्यांच्या असर सर्वेक्षणाचा कागद आहे तोच वापरा: अक्षर ओळखतो का, शब्द वाचतो का, चार ओळींचा परिच्छेद, मग गोष्ट. एका पोराला पाच मिनिटं. पाचवीतलं पोरगं अक्षराच्या गटात निघालं तर तिथं बसेल. महिन्याने परत तपासायचं आणि गट बदलायचे. सरकारचं निपुण अभियान २०२१ मध्ये आलं ते पण हेच सांगतं की तिसरीपर्यंत वाचन आणि आकडेमोड पक्की करा. कागदावर उत्तम आहे. आमच्याकडे त्याचं काय झालं, पोरं निपुण झाली का याची लिंक भरायला आली.

पुणे_मुक्काम_चाळीसगाव:
हे आमच्या लोकांना समजावून सांगा कोणीतरी. काड्यांच्या गठ्ठ्यासाठी कोणी ५००० देत नाही सर.

धडगावची_वाट:
तुमच्याकडे निदान शाया तरी म्हणतात, आमच्या वर पाड्यावर पावरी आणि भिली. सहा वर्षाचं पोर येतं तेव्हा त्याला मराठीचा शब्द माहीत नसतो आणि मास्तर असतो लातूर-बीडकडचा, त्याला पावरीचा माहीत नसतो. पहिले सहा महिने दोघं एकमेकांकडे बघतात. मग मास्तर म्हणतो पोरं मंद आहेत आणि पोरं म्हणतात मास्तर मुका आहे.

आमच्याकडे एक गुरुजी होते, त्यांनी काय केलं, एका पोराच्या आजीला रोज चहाला बोलवायचे आणि वहीत शब्द लिहायचे. भाकर, बकरी, पाऊस, पोट दुखतंय, लघवीला जाऊ का. दोनशे शब्द झाल्यावर म्हणाले आता मी शिकवू शकतो. बदली झाली तेव्हा ती वही घेऊन गेले, पुढच्याला दिली नाही, म्हणजे मागितलीच नाही कोणी. नर्मदाकाठच्या जीवनशाळांमध्ये (नर्मदा आंदोलनाच्या शाळा) हे वेगळं होतं, शिकवणारे गावातलेच, पोराच्या भाषेतून सुरुवात.

पैशाचं म्हणाल तर पेसा (आदिवासी भागाचा ग्रामसभा कायदा) गावांना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला येतो, त्याचा आराखडा ग्रामसभा ठरवते, शिक्षणावर खर्च करता येतो. आमच्या इकडे काय घेतलं माहितीये का? खुर्च्या. लग्नाला पण वापरतात.

आणि एक, दिवाळीनंतर निम्मा वर्ग ऊसतोडीला गुजरातला गेलेला असतो. हंगामी वसतिगृह आहे, शिक्षण हमी कार्ड आहे, पण धाकट्याला सांभाळायला थोरली लागते म्हणून ती जातेच. होळीला परत येते तोवर अक्षरं गेलेली. तुमच्या त्या माणसाला मार्च-एप्रिलात जास्त तास द्या एवढंच सांगतो, भोंगर्‍यानंतर खरी शाळा सुरू होते आमच्याकडे, भोंगऱ्या म्हणजे होळीआधीचा आमचा बाजार.

तापीबाई:
मी जरा उलट बाजूने बोलते. माझी मुलगी मी झेडपीतून काढली. आरटीईच्या २५ टक्क्यात (खासगी शाळेतल्या राखीव जागा) नंबर लागला, इंग्रजी शाळा, गावापासून ९ किलोमीटर. फी नाही म्हणून सगळे मला नशीबवान म्हणाले. व्हॅनचे महिन्याला बाराशे, वह्या-पुस्तकं त्यांच्याच दुकानातून, गॅदरिंगचा ड्रेस, असं करत वर्षाला २० हजाराच्या आत कधी भागलं नाही. सरकार त्या शाळेला एका पोरामागे १७,६७० देतं म्हणे, आणि शाळा म्हणते आम्हाला वर्षानुवर्षं मिळालेच नाहीत, आणि तो राग पोरांवर निघतो. शेवटच्या बाकावर बसवतात असं नाही म्हणणार मी, पण तिला ठाऊक आहे ती कोणत्या यादीतली.

तिला इंग्रजी वाचता येतं फडाफडा. अर्थ विचारला की माझ्याकडे बघते. तरी मी तिला परत आणणार नाही, खरं सांगते, कारण गावच्या शाळेत एक मास्तर आणि पाच वर्ग आहेत. तेव्हा बोरीकाठ भाऊ, गेट बांधा नाहीतर टीव्ही घ्या, आयाबाया एकच बघतात की वर्गात मोठं माणूस आहे का नाही.

लेखाशीर्ष:
तापीबाईंनी मर्मावर बोट ठेवलं. पण मला एक भीती आहे, ती लिहितोच. तुम्ही गावाच्या पैशाने माणूस ठेवला की तालुक्याला साहेब म्हणणार, भागतंय ना यांचं. मग तुमची रिकामी जागा रिकामीच. वर्गणी दोन वर्षात संपेल, तेव्हा ना सरकारी मास्तर ना गावचा.

खडूधारी:
साहेब पण दीड वर्ष जागा रिकामीच आहे ना, ते पोरगं चौथीत आहे, ते काय थांबणारे का पवित्र पोर्टलवरच्या शिक्षक भरतीसाठी?

लेखाशीर्ष:
मी ठेवू नका म्हणत नाही. दोन्ही एकदम करा म्हणतोय. त्या माणसाला "शिक्षक" म्हणू नका, कागदावर कुठेच. अभ्यासवर्ग, शाळेच्या आधी, स्वयंसेवकाला मानधन. आणि शाळा विकास आराखड्यात (आरटीई कलम २२, तो समितीनेच करायचा असतो) पहिली ओळ लिहा की तिसरा शिक्षक मंजूर असून नाही. दर महिन्याच्या मीटिंगचा ठराव, त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याला, आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन पोच फाईलला. बारा पोच जमल्या की फाईल जाड होते आणि जाड फाईलला ऑफिस घाबरतं. हे माझ्या नोकरीतलं गुपित फुकट देतोय.

वरातीमागून:
सगळे माणूस ठेवा माणूस ठेवा म्हणताय, देणार किती? मी डीएड, टीईटी पास, पवित्र पोर्टलवर नाव, सध्या कृषी केंद्रात बियाणं विकतो. सरकार शिक्षणसेवकाला १६ हजार देतं (२०२३ च्या आधी तर ६ हजार होते!) आणि गावं आम्हाला ४-५ हजारात राबवणार आणि वर म्हणणार समाजसेवा. लोकवर्गणीतून गेट बांधणाऱ्या गवंड्याला तुम्ही भाव कमी कर म्हणता का?

बोरीकाठ:
वरातीमागून भाऊ तुम्ही बरोबर बोलताय आणि माझ्याकडे उत्तर नाही. तीन लाखाला १६ हजाराने भागलं तर दीड वर्ष. दिवसाला दोन तास धरून सहा हजार असं मी मनात धरलं होतं. ते कमी आहेत हे मला समजतं.

पुणे_मुक्काम_चाळीसगाव:
आणि गेटवर साने गुरुजींचा फोटो लावायचं ठरलंय ना? आमच्या ग्रुपवर डिझाईन आलंय.

खडूधारी:
गुरुजी १९२४ ते ३० अमळनेरला मास्तर होते, छात्रालय सांभाळायचे, पोरांसाठी स्वतःच्या हाताने छात्रालय दैनिक लिहून काढायचे. रोज. हाताने. लावा फोटो.

पुणे_मुक्काम_चाळीसगाव:
सर टोमणा पोचला. बरं, माझे ११ हजार आहेत त्यात, ते माणसाला लावा, नाव नको गेटवर. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही, माझ्या मोठ्या भावाला तर नाव पाहिजेच आहे आणि ते पण वडिलांच्या नावासकट.

बोरीकाठ:
अपडेट देतो, तीन आठवडे झाले. ग्रामसभा झाली, म्हणजे भांडण झालं. मी काड्यांचे गठ्ठे घेऊन गेलो होतो, सरपंचांच्या पुतण्याला उठवलं, पाचवीत आहे, ५२ वजा २७ सगळ्यांसमोर. त्याने पण ३५. सरपंच माझ्यावर चिडले ते अजून बोलत नाहीत, पण त्याच्या आईने मागून म्हटलं टीव्ही नको. तिथं फिरलं सगळं.

गेट होतंच आहे. लहान केलं, ९० हजारात. नावांवरून अजून वाद चालू आहे, ४३ नावं आणि जागा ३० ची, गवंडी म्हणतो अक्षर बारीक करा नाहीतर माणसं कमी करा. रंग कॅन्सल. टीव्ही कॅन्सल, एजंट अजून फोन करतो. दोन लाख समितीच्या नावावर बँकेत, राहिले त्यातून गोष्टीची पुस्तकं आणि दोन सतरंज्या. गावातलीच एक सून आहे, डीएड झालेली, सकाळी साडेआठ ते साडेदहा, महिन्याला आठ हजार. सहावरून आठ वरातीमागून भाऊंमुळे झाले. दोन वर्षं निघतील. ती अहिराणी बोलते, शाया ला फुली मारणार नाही असं कबूल करून घेतलंय. पोच दोन जमल्या, तिसरी या महिन्यात.

तपासणी केली तिसरी ते पाचवी, ४१ पोरं. गोष्ट वाचणारी १२. अक्षरात अडलेली ११, त्यातली चार पाचवीतली. मला हे आयबापांना कसं सांगायचं ते कळेना, खडूधारी सर सांगा.

खडूधारी:
आत्ता सांगूच नका. सहा आठवडे शिकवू द्या, मग आधीचं आणि नंतरचं दोन्ही एकदम दाखवा. आणि गटांना अ ब क नावं अजिबात देऊ नका, फळांची-झाडांची द्या, म्हणजे कोण हुशार कोण ढ ते पोरांना कळत नाही.

बोरीकाठ:
दिली होती सर. आंबा, लिंब, बाभूळ, बोर. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक पोरगं दुसऱ्याला ओरडत होतं, "चूप रे बोऱ्या!"

खडूधारी:
😄 मग दर पंधरा दिवसाला नावांची अदलाबदल करा. आमच्याकडे पण हेच झालं होतं, आमचा ढ गट गुलाब होता.